शनिवारच्या आत उत्तर

"जगनदादा, कॉम्प्युटरमधून कोणी आपल्याला बघू शकतं का?"

शकूने विचारलं आणि मागच्या बाकावर मैत्रिणी तोंडात ओढणी कोंबून हसल्या. पैज त्यांनीच लावलेली. डोंबिवलीत सायबर कॅफे येऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि असलं काही विचारलं की जगनदादा सरळ खुर्चीवरून उठवायचा. पण दहावीचा शेवटचा पेपर देऊन आल्यापासून शकू कोणाला घाबरेनाशी झाली होती. निरोप समारंभात तिने हेडसरांसमोर हेडसरांचीच नक्कल केलेली. त्यापुढे जगनदादा काय चीज?

खरं तर पैज हे निमित्त होतं. समोर मेल उघडा होता. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी, तेव्हा सगळेच लिहायचे तशी.

'तुझ्याच खात्यातून लिहीत आहे. तुझे सगळे मेल वाचले. तू मजेत आहेस. घरी कोणाला सांगू नकोस. शनिवारच्या आत उत्तर दे, नाहीतर मी मारीन.'

खाली नाव नाही. पाठवणाऱ्याच्या जागी शकूचाच पत्ता.

जगनदादा वाकून वाचत राहिला आणि मग म्हणाला, की खातं फोडलंय कोणीतरी. असल्या लोकांचा धंदाच असतो. आधी घाबरवायचं, मग एकेक मागत सुटायचं. पासवर्ड बदल, उत्तर देऊ नकोस आणि घरी जा. जाता जाता त्याने विचारलं, "मारीन म्हणजे काय मारणार? माशा?" मैत्रिणींचा बांध फुटला.

शकूही हसली, पण घरी जायचं म्हणजे तर खरी पंचाईत. मे महिन्यापासून तिला कॉम्प्युटरच्या क्लासला घालायचं बाबांनी कबूल केलेलं, तेही आईशी आठवडाभर भांडून. शकूच्या आईची, केशरबाईंची, अट एकच. पोरीची एक जरी भानगड कानावर आली, तर सायबरही बंद आणि क्लासही बंद. त्या क्लाससाठी शकूने वर्षभर सिनेमा बघितला नव्हता. आता हा कोण कुठला बिननावाचा माणूस येऊन सगळ्यावर पाणी फिरवणार?

"गप्प बसलीस तर त्याला वाटेल घाबरली," मागच्या बाकावरची शीला म्हणाली.

बस, एवढं पुरलं. शकूने खुर्ची पुढे ओढली. एका बोटाने एकेक इंग्रजी अक्षर शोधत ती टाइप करू लागली आणि मागून सगळ्या सुचवू लागल्या. पूर्वी हे काम रतन करायची. टायपिंगच्या क्लासची हुशार पोर. शकूचं हे खातंसुद्धा तिनेच उघडून दिलेलं, पासवर्डसकट. पण भाडं परवडेना म्हणून दिवाळीत तिच्या घरचे दिवा स्टेशनजवळ राहायला गेले, आणि मग कोण कोणाला भेटतंय. रतनकडे फोनही नव्हता.

'मार. हिंमत असेल तर मार. आम्ही सगळ्या मिळून टाळ्या वाजवू.'

पाठवताना शकूचे कान लाल झाले होते, पण मान ताठ होती. पासवर्ड तिने मुद्दाम बदलला नाही. वाचू दे की मेल्याला.

शनिवारी संध्याकाळी त्या पुन्हा गेल्या. तिच्याच खात्यात येऊन पडलेल्या उत्तरावरची 'नवीन'ची खूण गेली होती. म्हणजे त्याने वाचलं होतं. वाचून एक शब्द लिहिला नव्हता.

"पळाला," शीलाने जाहीर केलं. तेव्हा कुठे शकूने पासवर्ड बदलला. जगनदादाने न मागता मेल आणि उत्तर एका कागदावर छापून दिलं. म्हणाला, फ्रेम करून लाव. त्या सगळ्यांनी वडापाव खाल्ला आणि शकू रस्ताभर मोठ्याने बोलत घरी गेली.

रविवारी दुपारी तिने तो कागद बाबांपुढे, चांगदेवांपुढे, ठेवला. आता लपवायचं कशाला? भानगड झाली होती आणि तिने ती एकटीने मिटवली होती. क्लास अर्ध्यावर सोडणार नाही, पुढे नोकरीही कॉम्प्युटरचीच करणार, असं सगळं ती एका दमात सांगून मोकळी झाली. चांगदेव मिशीत हसले. त्यांनी चष्मा शोधायला घेतला.

केशरबाई चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"रतनची आई आलेली गं, तू अंघोळीला होतीस तेव्हा. आज हळद होती रतनची. मामाच्या गावचा मुलगा, वयाने बराच मोठा. पोरगी काल संध्याकाळपासून घरी नाही. आपल्याकडे आली का बघायला आलेली बिचारी. म्हणत होती, रतन शकूच्या उत्तराची वाट बघत होती, शकूने तिला काही उत्तर दिलं का."

"कसलं उत्तर?" शकू म्हणाली. "मला तिचं काही आलंच नाही."

लग्नाचं ऐकून तिला वाईट वाटलं. मग वाटलं, बरं झालं पळाली. रतनमध्ये एवढी धमक असेल असं वाटलं नव्हतं.

चांगदेव कागद डोळ्यांजवळ धरून वाचू लागले. केमिकल कंपनीत पिंपांवरची इंग्रजी नावं वाचत, तसं एकेक अक्षर लावत.

"तू... मजेत आहेस. घरी कोणाला... सांगू नकोस. शनिवारच्या आत उत्तर दे, नाहीतर मी... मरीन."

"मारीन हो, बाबा."

"एम, ए, आर... मरीन लिहिलंय. कोण मरतंय गं?" त्यांचं बोट खालच्या ओळीवर सरकलं. "आणि हे तुझं होय? मर. हिंमत असेल तर... मर. आम्ही सगळ्या मिळून..."

पुढचं त्यांनी वाचलं नाही. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी केशरबाईंनी ती उलटली नाही. शकूने बाबांच्या हातातून कागद घेतला, घडी घातली, पायांत चपला सरकवल्या.

"मी दिव्याला जातेय," ती म्हणाली. "रतनच्या आईला सांगायला, की मी उत्तर दिलं होतं."