पिवळा दिवा

"तारेला बोट लावू नकोस!"

खालून आवाज आला आणि गॅलरीत ती दचकली. नवरा मुलावर ओरडला होता. मुलाने हातातला सेन्सर अंगापासून लांब धरला. अंगठ्याएवढी काळी वस्तू, तिच्या पोटात केसासारखी बारीक तार. इंजिनात हवा किती जाते ते ही तार मोजते. ती मळली की गाडी धापा टाकते आणि स्टिअरिंगमागे पिवळा दिवा लागतो.

हे सगळं तिला पाठ होतं. नवऱ्याच्या गॅरेजात तिने वर्षानुवर्षं हातदिवा धरला होता, हाच मुलगा पोटात असतानासुद्धा. तेव्हा कार्बोरेटर असायचे. पेट्रोलने धुतले की गाडी कशी गाणं म्हणायची. मग सेन्सर आले. तेही ती नवऱ्याबरोबरच शिकली.

ती आत गेली. चहाचं आधण ठेवलं, गॅस बंद केला, पुन्हा गॅलरीत आली. एका जागी पाय ठरत नव्हता. मघाशी वर आला तेव्हा मुलगा म्हणाला होता, "आई, आता शेवटचं हं. पुन्हा दिवा लागला तर गाडीच विकून टाकतो. वैताग आलाय."

"नीट धर. हलवू नकोस," खाली नवरा फवाऱ्याचा डबा हलवत म्हणाला.

"मी नाही हलवत, बाबा. तुमचा हात हलतोय."

तिने डोळे मिटून घेतले. झालं. आता भडका उडणार. या हातावरूनच तर सगळं बिनसलं होतं. हात थरथरला, जॅक सटकला, गाडी खाली आली. थोडक्यात निभावलं. पण त्याच संध्याकाळी मुलाने गॅरेजच्या शटरला स्वतःच्या हाताने कुलूप घातलं, आणि बापलेकांमधलं बोलणं तुटलं. मुलगा यायचा, आईशी बोलायचा, जेवून जायचा. नवरा पेपर तोंडासमोर धरून बसायचा. पान मात्र उलटायचा नाही.

मग एकदा मुलाच्या गाडीत पिवळा दिवा लागला. त्या वेळी तो आपला आपण लागला होता, धुळीने. मुलगा खाली बॉनेट उघडून खुडबुड करत होता आणि वर नवऱ्याला काही बसवेना. शेवटी तो तणतणत खाली गेला आणि म्हणाला, "सरक." एवढाच शब्द. पण तिला तो सणासारखा वाटला.

पुढच्या वेळी मुलगा जेवून आडवा झाला, तशी ती किल्ली घेऊन हळूच खाली उतरली. फिल्टरच्या डब्याचे चाप काढले, आणि कागदी फिल्टरवर कुपीतून शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब सोडले. तेल हवेबरोबर तारेपर्यंत पोचतं आणि तारेवर धूळ बसते. चारआठ दिवसांत दिवा लागतोच. लागला. मुलगा आला. असं कितीदा तरी झालं. मागच्या खेपेला मात्र जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली, ती दचकली आणि कुपी जवळजवळ रिकामी झाली.

खालून भडका काही ऐकू येईना. तिने डोळे उघडले.

"हलतोय तर धर की," नवरा म्हणाला.

मुलाने मोकळ्या हाताने बापाचं मनगट धरलं. फवारा नेमका तारेवर बसला.

"वाळू दे आता. पुसायचं नाही, फुंकायचं नाही. आणि बॅटरीची वायर काढून ठेव थोडा वेळ. गाडी मागचं सगळं विसरते."

"बरं आहे गाडीचं," मुलगा म्हणाला.

नवरा हसला की खोकला, ते वरून कळलं नाही.

तेवढ्यात मुलाने फिल्टर बाहेर काढला. "बाबा, हा इतका तेलकट कसा?"

तिने कठडा घट्ट धरला. नवऱ्याने फिल्टर घेतला, नाकाशी नेला. गाडी दारात वळली की आत काय जळलंय ते वासावरून सांगणारं नाक ते. आणि हा वास तर त्याच्या घरातला. त्याने फिल्टर उलटसुलट केला. पुन्हा वास घेतला.

"इंजिनातलं तेल मागे येतं कधीकधी," तो म्हणाला. "जुनी गाडी आहे. नवा फिल्टर टाक."

तिचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच आत काहीतरी तुटलंही. इंजिनातलं तेल काळं असतं. हे पाण्यासारखं नितळ. शेंबडं पोरसुद्धा सांगेल. हात गेलाच होता, आता नाकही गेलं याचं. बाकी काय राहिलं?

गाडी सुरू झाली. दिवा लागला नाही. "रविवारी फिल्टर घेऊन येतो. तुम्हीच बसवा, बाबा," मुलगा म्हणाला आणि गेला.

नवरा वर आला. बराच वेळ साबणाने हात धूत राहिला. तिने कुपी उचलून कपाटात मागे, जुन्या चिंध्यांखाली सारली. पुन्हा म्हणून हात लावायचा नाही.

"अगं," टॉवेलला हात पुसत तो म्हणाला, "पुढच्या वेळी मशीनचं तेल जरा बेताने घाल. दोन थेंब पुरतात. त्याने खरंच गाडी विकली, तर आपण काय करायचं?"