चांदणीचं पथ्य

"सुई मारा अन् मोकळ्या व्हा, डॉक्टरीनबाई," गुणवंतराव म्हणाले. "पंधरा दिवसांनी नागपूरले उड्यांची शर्यत आहे."

डॉ. रंजीता चांदणीच्या पुढच्या डाव्या पायाशी उकिडव्या बसल्या होत्या. गुडघ्याखालची नस केळ्यासारखी फुगली होती. बोट लावलं की घोडी अंग चोरायची.

"दुखणं मारायची सुई दिली तर ती धावेल, उडीही मारेल. अन् अर्ध्या उडीत नस तुटेल. वर तुमचा मुलगा प्रणित बसला असेल. दोघांपैकी कोण उठेल ते मी सांगू शकत नाही."

"मंग इलाज काय?"

"आराम. दोन महिने पाठीवर कोणी नाही. दोन वेळा पायावर थंड पाणी. मग हातात दोर धरून हळूहळू फिरवायची."

"आराम त मायी आजी बी सांगे! तुमी काऊन शिकल्या इतक्या?"

गुणवंतरावांचे राजुऱ्यात कोळशाचे ट्रक. ट्रक थांबला की ड्रायव्हरला शिव्या घालायच्या, हा त्यांचा एकच इलाज, आणि घोड्यांनाही तोच. तबेल्याच्या फळीवर ताकदीच्या, सांध्यांच्या, हाडांच्या जडीबुटी पावडरींचे डबे होते. प्रत्येक डब्यावर उधळलेला घोडा. डब्यावर त्यांचा विश्वास होता, डॉक्टरवर नव्हता.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या तांबड्या घोड्यालाही रंजीतांनी आरामच सांगितला होता. गुणवंतरावांनी बाहेरून एक सुईवाला आणला. घोडा मैदानातच पाय मोडून पडला. त्याला शेवटचं इंजेक्शन द्यायला मात्र रंजीतांनाच बोलावलं. पाय जनावराचा, हौस मालकाची, आणि पाप डॉक्टरच्या हातून! संताप येणार नाही तर काय होईल?

त्या उठल्या.

"सुई मी देणार नाही. मग जा ना त्या पोंभुर्ण्याकडच्या अंजनाबाईकडे! झाडपाल्यावाली. लोक तिच्या दारात लाइन लावून राह्यले, तुम्हीही लावा. पण सांगून ठेवते, तिची पुडी घोडीच्या तोंडात गेली तर या तबेल्यात मी पाऊल टाकणार नाही!"

नको म्हटलेलं काम गुणवंतराव आधी करत. दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनाबाई त्यांच्या गाडीतून तबेल्यात उतरली.

वाळकी, साठीची बाई. तिनं घोडीच्या पायाकडे एकदाच पाहिलं. पिशवीतून निळ्या झाकणाची प्लास्टिकची बरणी काढली. आत भुरी पूड होती, मेथीचा वास येत होता.

"भाऊ, औषध खरं आहे. पण पथ्य त्याच्याहून खरं."

"सांगा, बाई."

"तीन अमावास्या सरेतोवर पाठीवर माणूस नाई. जीन बी नाई. सकाळ-संध्याकाळ नदीत गुडघाभर पाण्यात उभी करा, मंगच पुडी. पह्यले पळसापर्यंत चालवाची. दुसऱ्या महिन्यात वडापर्यंत. मंग देवळापर्यंत. सुई त अजिबात नाई. सुई अन् जडी एका अंगात नांदत नाई."

"अन् पथ्य मोडलं त?"

"औषध उलटते. घोडीवर नाई, बसणाऱ्यावर."

गुणवंतरावांनी प्रणितकडे पाहिलं. नागपूरच्या शर्यतीचा बेत तिथेच रद्द झाला.

पुढे गुणवंतराव स्वतः पहारा करू लागले. प्रणितनं एकदा नुसतं खोगीर उचललं, तर त्याच्या पाठीत धपाटा बसला. म्हातारा सईस लहानू रोज घोडी वर्धेच्या पाण्यात उभी करी. एकदा तो भीतभीत म्हणाला, "साहेब, हेच त डॉक्टरीनबाईनं बी सांगतलं होतं. पाणी, आराम..."

"तिचं नाव काढू नको! तिच्यात औषध कुठी होतं?"

लहानू गप्प बसला. तीस वर्षं तो हेच करत आला होता.

तिसरी अमावास्या सरली. नस सपाट झाली. चांदणी देवळापर्यंत मान उडवत जाऊ लागली.

गुणवंतरावांनी तबेल्यात कार्यक्रमच ठेवला. अंजनाबाईला शाल आणि नारळ. घोडी शर्यतीत उतरवायला डॉक्टरच्या परवानगीचा कागद लागतो म्हणून रंजीतांनाही बोलावलं. पाऊल टाकणार नाही म्हणालेली बाई आली, यातच त्यांना अर्धी शर्यत जिंकल्यासारखं वाटलं.

"पाहा, बाई!" चाळीस माणसांसमोर ते गरजले. "पाच बुकं शिकून तुमाले जमलं नाई, ते या अंगठेबहाद्दर बाईनं केलं. तुमची बुकं चुलीत घाला!"

लोक हसले. हसणाऱ्यांना लाज कशी वाटली नाही? यातल्या निम्म्यांच्या अडलेल्या गाई-म्हशी रंजीतांनी भर पावसात जाऊन सोडवल्या होत्या. अंजनाबाई शालीचा काठ चाचपत खाली पाहत राहिली.

रंजीतांनी घोडीच्या नसेवरून वरपासून खुरापर्यंत बोटं फिरवली. बराच वेळ फिरवली. मग कागदावर सही केली.

"घोडी बरी आहे," एवढंच म्हणाल्या.

त्यांचे डोळे भरलेले सगळ्यांनी पाहिले. बरी जिरली, असं कोणीतरी पुटपुटलंही. त्यांनी स्कूटर सुरू केली आणि त्या निघून गेल्या.

संध्याकाळी त्या घराच्या ओसरीत चहा घेऊन बसल्या होत्या. फाटक वाजलं. अंजनाबाई आत आली. खांद्यावरची नवी शाल काढून तिनं रंजीतांच्या मांडीवर ठेवली आणि पिशवीतून निळ्या झाकणाची रिकामी बरणी काढली.

"बाई, तुमचा मेथी टाकलेला कोंडा सरला," ती म्हणाली. "उद्या भद्रावतीचा घोडा येऊन राह्यला. त्याले किती अमावास्या सांगू?"