काकूंचे कोरे रोल

काकूंचा चौथा रोलही कोराच निघाला.

फोटोवाल्याने फिल्म दिव्यासमोर धरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेसारखी स्वच्छ. कॅमेरा ठणठणीत होता, त्याने स्वतः तपासला होता. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकू लेन्सवरचं झाकणच काढत नव्हत्या. आता सत्तरीच्या बाईला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

पहिल्या वेळीही त्याची जीभ रेटली नव्हती. "काय काय टिपलंत?" एवढंच त्याने विचारलं. काकू भरभरून बोलल्या. जिन्यातली बादली, पण साडेचारच्या उन्हातली. दाराशी उलटी पडलेली चप्पल. किटलीची वाफ, मागे काळपट भिंत हवी.

मग त्याने कपाटातून आपला कॅमेरा काढला. बायको गेल्यापासून तीन वर्षं त्याला हात लावला नव्हता. दुकान झेरॉक्सवर चाललं होतं. साडेचारला तो जिन्यात जाऊन बसला. बादलीच्या कडेवर ऊन आलं आणि गडी बघतच राहिला. रोज याच बादलीला ठेचकाळत होता की तो.

काकूंच्या पाकिटात त्याने आपले फोटो घातले.

"अगं बाई, हे मी काढले?"

त्याने मान डोलावली. खोटेपणाची चुटपुट लागली, पण त्या दिवशी बऱ्याच काळाने त्याला जेवण गोड लागलं. मनोमन त्याने काकूंचे आभार मानले. पुढे दर महिन्याला हेच चाललं.

आज काकू गळ्यात आपला कॅमेरा अडकवून, हातात अर्ज घेऊन आल्या. "भाऊ, प्रदर्शनात फोटो घेतायत. ते स्वतः काढलेत, अशी सही लागते. पेन द्या बघू."

सांगावं तर काकूंचं मन मोडणार, गप्प बसावं तर त्यांच्या हातून खोटी सही होणार. पेन त्याने मुठीतच धरून ठेवलं.

"काकू, माफ करा. तुमचे चारही रोल कोरे होते. फोटो माझे आहेत. पण खरं सांगतो, तुम्ही नसतात तर माझा कॅमेरा कपाटातच पडून राहिला असता. तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर."

काकूंनी काउंटरवरचा नवा रोल उचलला आणि त्याच्याकडेच बघत, एकदाही मान खाली न घालता, कॅमेऱ्यात चढवला. लेन्सवरचं झाकण काढून बाजूला ठेवलं.

"खिडकीकडे वळा थोडे. हनुवटी खाली," त्या म्हणाल्या. "अर्जावर फोटो काढणाऱ्याचा फोटो लावायचाय. आणि भाऊ, हा रोल जपून धुवा. हा काही कोरा निघायचा नाही."