पहिल्या पानावरचा शिक्का

पार्सल हातात पडलं आणि आत काय आहे ते श्रीहरीला न फोडताच कळलं. जन्म पुस्तकं उचलण्यात गेलेला. एवढ्या जाडीचं आणि वजनाचं या महिन्यात एकच पुस्तक होतं, सगळीकडे गाजत असलेली ती नवी कादंबरी. तिचा ढीग त्याच्याच काउंटरवर पडून होता. लोक यायचे, चाळायचे, मोबाइलवर भाव बघायचे आणि ‘येतो भाऊ’ म्हणून निघून जायचे.

आलापल्लीच्या पुढं, जंगलातल्या गावांना, कुरियरवाला जात नाही. म्हणून तिकडची माणसं ऑनलाइन काही मागवलं की पत्ता श्रीहरीच्या पुस्तकांच्या दुकानाचा देत. चपला, साड्या, मिक्सर, सगळं त्यानं फुकट सांभाळलं होतं. नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नाही. आता पुस्तकंही त्याच पत्त्यावर यायला लागली होती.

कादंबरीच्या प्रती त्यानं या वेळी रोख मोजून आणल्या होत्या. त्या खपल्या तर दुकान ठेवायचं, नाही तर मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या विक्कीला जागा द्यायची, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. विक्की संध्याकाळी उत्तर घ्यायला येणार होता.

पार्सल न्यायला दिव्यानी आली. आतल्या एका गावात ती नर्स होती. लहानपणी दर चौदा एप्रिलला बाप तिला इथं आणायचा, एक पुस्तक घेऊन द्यायचा. श्रीहरी पहिल्या पानावर दुकानाचा शिक्का मारायचा आणि खाली तिचं नाव लिहायचा. बाप गेला, तरी ती येत राहिली. कुणी घेवो न घेवो, ही घेईल, असं धरून त्यानं एक कोरी प्रत तिच्यासाठी कपाटात वेगळी ठेवली होती.

काउंटरवरचा ढीग पाहून ती ओशाळली. पगार दोन-दोन महिने होत नाही, छापील किंमत पाचशे, ऑनलाइन निम्म्यात मिळालं, असं तिनं न विचारताच सांगून टाकलं. श्रीहरीला वाईट वाटलं. रागही यायला हवा होता, पण रागवायलाही अंगात जोर लागतो.

“निम्म्यात तर मले बी नाई भेटत,” तो म्हणाला. “तुह्यं काई चुकलं नाई.”

तिनं त्याच्याच कैचीनं पार्सल फोडलं. पुस्तक उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला. मग पहिलं पान उघडून त्याच्यापुढं धरलं.

“शिक्का मारून द्या ना भाऊ. माह्या साऱ्या पुस्तकाईवर तुमचाच हाये. त्याच्याबिगर पुस्तक माह्यं वाटतच नाई.”

ती थट्टा करत नव्हती. तोच तर सगळा घोळ होता.

श्रीहरीनं खणातून शिक्का काढला. पॅड वाळून गेलं होतं, त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले. शिक्का दाबून मारला, खाली नेहमीसारखं तिचं नाव लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत पान धरून उभा राहिला. दिव्यानी लहानपणी हसायची तशीच हसली.

“पुढच्या साली बी तुमच्याच पत्त्यावर मागवीन,” ती म्हणाली.

श्रीहरीनं शिक्क्याचं रबर फडक्यानं स्वच्छ पुसलं. पॅडचं झाकण लावलं. मग दोन्ही वस्तू तिच्या पिशवीत, पुस्तकाच्या बाजूला ठेवून दिल्या.

“हे घेऊन जाय,” तो म्हणाला. “पुढच्या साली तूच मारजो.”