अकरावी पट्टी

स्वानंदीने शिडीवर चढून पोर्चवरची लाकडी जाळी नखाने खरवडली, आणि खाली उभा असलेला शिवाप्पा सुतार दोन पावलं पुढे सरकला.

चामराजपेटेतल्या चर्चशेजारच्या या पाळकांच्या बंगल्याला वारसा वास्तूचा दर्जा मिळणार की नाही, ते पाहणीसाठी आलेल्या स्वानंदीच्या अहवालावर ठरणार होतं. नाही मिळाला तर चर्चचे ट्रस्टी महिन्याभरात बंगला पाडून तिथे दुकानांची इमारत उठवणार होते. नकाशासुद्धा तयार होता. आणि ही बाई सकाळपासून नाक मुरडत होती. कौलांच्या जागी पत्रा, फरशी नवी, खिडक्या तर अगदी परवाच्या. राहता राहिली ही जाळी; ती मूळची ठरली तरच बंगला वाचणार होता.

जाळी शिवाप्पाची होती. मूळची वाळवीने खाल्ली तेव्हा, चौतीस वर्षांपूर्वी, त्याने जुन्या घरांच्या सागवानी तुळया चिरून ती हुबेहूब उभी केली होती. खिळा एक नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. पुढे जन्मभर त्याने लोकांची कपाटं केली. असलं काम पुन्हा कोणी मागितलं नाही. बंगला पडला तर हीसुद्धा जळणात जाणार होती.

"मी आपणहून काही बोलणार नाही," पाळकसाहेब रघुनंदन त्याला सकाळीच म्हणाले होते. "पण तिने विचारलं, तर खोटं सांगणं मला जमायचं नाही."

"कमाल आहे सर!" स्वानंदी वरून पाळकसाहेबांकडे बघत ओरडली. पुण्याची पोर, बोलायला फटकळ. "शंभर वर्षांचं टीक आहे हे, डेफिनेटली. आणि जॉइंट्स बघा ना! असे कारागीर आता मिळतात कुठे?"

शिवाप्पाला वाटलं, हात वर करावा. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मान वर करून जाळीकडे नीट बघितलं होतं. त्याने दोन्ही हात खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळून घेतले.

मग तिचं बोट एका पट्टीवर थांबलं.

"एक मिनिट. बाकी पट्ट्यांवरची कोरलेली रेघ बाहेरच्या बाजूला आहे. ही एकच उलटी कशी? सर, ही नंतर कोणी बदलली का?"

डावीकडून अकरावी. काम पुरतं बिनचूक झालं की त्याला दृष्ट लागते, म्हणून शिवाप्पाचा बाप प्रत्येक कामात एक पट्टी मुद्दाम उलटी बसवायचा. शिवाप्पानेही बसवली होती. कुठली उलटी ठेवायची ते ठरवण्यात त्याचा अख्खा दिवस गेला होता.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बाई, खरं सांगायचं तर..."

"न्हाई अक्का," शिवाप्पा मध्येच बोलला. "बदललेली न्हाई. जाळी बसली तवापासनं ती तशीच हाय बगा."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. पाळकसाहेब त्याच्याकडे बघत राहिले आणि त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं.

"तुम्हाला कसं माहीत, काका?"

"हितला सुतार मी. दरसाल हिला तेल मीच लावतोय."

"ओके. म्हणजे ही त्या सुताराचीच चूक," स्वानंदी हसली. "एवढं सुंदर काम केलं आणि शेवटी घाई केली बघा."

शिवाप्पाचे कान तापले. त्याच्या कामात चूक काढायची आजवर कोणाची टाप नव्हती. उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

"चुकला असंल," तो म्हणाला. "स्वल्प घाई झाली असंल त्याची."

स्वानंदीने वहीत लिहिलं, लिहिता लिहिता मोठ्याने म्हटलं, "जाळी मूळची. एका पट्टीत कारागिराची चूक." मग ती खाली उतरली, फाटकापर्यंत मागे गेली आणि मोबाइल डोळ्यांसमोर धरला.

"काका, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

"सरी, बरं," म्हणत शिवाप्पा बाजूला झाला.