भिंतीपलीकडची आकाशगंगा

“सम्राट दिसतो कसा?” भिंतीपलीकडून शीतलनं विचारलं.

“कुणी पाहिलाच नाही. पाहिला की संपला. सम्राट नुसता हुकमात असावा,” सुलभाताई अलीकडून म्हणाल्या. त्या मेथी निवडत होत्या.

सिल्वासाजवळच्या आमलीतल्या त्या चाळीत दोन खोल्यांमधली भिंत छपरापर्यंत पोचत नव्हती. वर पत्र्याखाली हात-दीड हात मोकळी जागा होती. तिथून फोडणीचा वास, भांडणं आणि गेले चार महिने हा खेळ ये-जा करत होता. सुलभाताई विश्व रचायच्या. शीतल त्यातल्या यानाची कप्तान. दोघींकडे चार-चार कवड्या होत्या. पलीकडे पडलेलं दान दिसायचं नाही, म्हणून जी जे सांगेल ते खरं मानायचं, असा नियम होता.

सुलभाताईंनी चिपळूणला माहेरी असताना दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथांचा फडशा पाडला होता. त्यामुळे विश्वाला काय काय लागतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. ग्रह इतके लांब हवेत की बातमी पोचेपर्यंत शिळी व्हावी. एका ग्रहावर दारूबंदी आणि शेजारच्यावर गुत्तेच गुत्ते, म्हणजे मधल्या अंधारात तस्करांची सोय झाली. एक ग्रह बाजाराचा, तिथे भाव गुजरातीत करायचा, शिवी हिंदीत द्यायची आणि रडायचं आपापल्या भाषेत. यान जुनंच हवं. नवं काय, कुणीही चालवेल. आणि कुठूनही निघालं तरी कप्तान शेवटी कुलूपबंद कोठडीतच जाऊन पडायची.

शीतलला त्याचं नवल वाटत नसे. तिचा नवरा सुकदेव सुताच्या कारखान्यात होता. सकाळी पाळीवर निघताना तो दाराला बाहेरून कुलूप घाली. परका मुलूख, कुलूप दिसलं की घरात कोणी नाही असं वाटतं, मग बाईमाणसाला त्रास नाही, असं त्याचं म्हणणं. चाळीत आणखीही काही जण असंच करत. शिरपूरहून लग्न होऊन आलेल्या शीतलनं सिल्वासा पाहिलं ते बहुतेक मागच्या खिडकीच्या गजांतून. सुलभाताईंची गोष्ट वेगळी. त्यांचे जयवंतराव सुपरवायझर, शिकलेले. ताई बाजारात जात आणि आल्या की सगळं सांगत.

“तर कप्तान कोठडीत आहे,” सुलभाताई म्हणाल्या. “काय करशील?”

“आज नाही खेळत मी, ताई.” शीतलचा आवाज भिंतीला अगदी चिकटून आला. “ती दुधनीची बायडाबाई मासळी घेऊन खिडकीशी आली होती ना, ती म्हणे नाक्यापलीकडे एका कारखान्यात बाया घेताहेत. पॅकिंगला. अकरापर्यंत नावं लिहिणार, तेही आजच. मला जायचंय.”

“सुकदेवला विचारलंस?”

“महिना झाला विचारतेय. ‘बघू’ म्हणतो. माय व, त्याचं ‘बघू’ म्हणजे काय ते मला कळतं हो.”

सुलभाताईंनी मेथीची जुडी खाली ठेवली.

“मी वरून तुमच्याकडे उतरते,” शीतल म्हणाली. “तुमचं दार तर उघडंच असतं. तिथून सरळ बाहेर.”

सुलभाताईंनी दाराकडे पाहिलं, मग भिंतीच्या वरच्या कडेकडे.

“ताई?”

“ये,” सुलभाताई म्हणाल्या. “सांभाळून ये गो. पत्रा तापलाय.”

खाटेवर ट्रंक चढल्याचा आवाज आला. भिंतीवर आधी बोटं दिसली, मग जळमट लागलेलं कपाळ, मग खोचलेल्या साडीतला एक पाय. शीतल तांदळाच्या डब्यावर धडपडत उतरली. एरवी दोघी एकमेकींना रविवारी, नवऱ्यांच्या मागून चालताना दिसत. एवढ्या जवळून हे पहिल्यांदाच.

“तुम्ही तर बुटक्या निघालात,” शीतल हसून म्हणाली. पदर सारखा करून ती दाराशी गेली. तिनं कडी काढली, दार ओढलं. बोटभर फट पडली आणि फटीतून बाहेर लोंबणारं कुलूप दिसलं.

जयवंतराव सुकदेवच्या मागून अर्ध्या तासानं निघत आणि त्याच्या अर्धा तास आधी परत येत. त्या दोन्ही वेळांना सुलभाताई जोरजोरात भांडी घाशीत; कुलपाचा खटका त्यात ऐकू येत नसे. शीतलला नेहमी वाटे, बाई किती टापटिपीची.

“आणि बाजार?” तिनं विचारलं. “परवा कोथिंबीर महागली म्हणालात.”

“रचलेलं.”

“तो रसवंतीवाला? बायकोला घाबरणारा?”

“तोही. चांगला जमला होता मला.”

शीतल मटकन डब्यावर बसली. घड्याळात दहा वीस झाले होते. परत चढून गेलं तरी पलीकडेही कुलूपच होतं.

“किती वर्षं?”

“सहा.”

सुलभाताईंनी वरवंटा आणि एक जाड खिळा आणला आणि दाराशी बसल्या. बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या. त्यांच्यातल्या सळ्या खोबरेलानं चकाकत होत्या.

“दोन वर्षं तेल घालतेय,” त्या म्हणाल्या. “आता खालून ठोकलं की सळ्या सुटतात. पण दार जड आहे, एकीनं धरायचं आणि दुसरीनं ठोकायचं. एकटीच्या दोनदा अंगावर आलं.” त्यांनी डाव्या अंगठ्याचं चेपलेलं नख दाखवलं.

शीतल उठली. तिनं दाराला खांदा लावला, पण राग जात नव्हता. “मी तुमच्या शब्दावर उडी मारली ताई. ‘माझ्याही दाराला कुलूप आहे’ एवढं तरी सांगायचं.”

सुलभाताईंनी खिळा सळीखाली टेकवला आणि वरवंटा उचलला.

“सांगितलं असतं,” त्या म्हणाल्या, “तर आली असतीस?”