नवरीची जागा

घटस्फोटाच्या सह्या झाल्यावर शर्वरीने कायद्याने मिळालेला हक्क बजावला. कोर्टाच्या पडद्यावर लग्नाचा फोटो उघडून तिने स्वतःभोवती बोटाने रेघ ओढली आणि फोटोतली नवरी पुसली गेली. त्यात निरंजन एकटाच हवेला हार घालत उभा राहिला.

"जागा रिकामी सोडता येत नाही," कारकून निरंजनला म्हणाला. "काय भरू, साहेब?"

"जी संसारात खरोखर माझ्या बाजूला उभी राहिली, तिलाच भरा," निरंजन शर्वरीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला.

यंत्राने घरातले अकरा वर्षांचे फोटो चाळले. प्रत्येकात त्याला खेटून उभी असलेली त्याची आई हारापुढे मान झुकवून प्रकटली.

"अहो, याची एक प्रत मला द्या," शर्वरी कारकुनाला म्हणाली. "लग्नाचा फोटो म्हणून लावीन."